जुना डिजिटल कॅमेरा पुन्हा वापरात कसा आणावा

वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा कपाटातून निघाला की तो सुरू होतो, दोन फोटो काढतो आणि मान टाकतो. ‘बिघडलाय’ म्हणून तो परत कपाटात जातो. बऱ्याचदा तो बिघडलेला नसतो. त्याच्या खोडी माहीत नसतात, एवढंच.

सुरुवात सेलपासून करा. कप्प्यात पांढरट पूड साचली असेल तर सेल गळलाय. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल घालू नका. त्यांच्यावर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण लेन्स बाहेर येताना किंवा फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतो आणि त्यांचा व्होल्टेज खाली बसतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, तरी त्या ओढीला टिकतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

पुढे कार्ड. एसडीएचसी, म्हणजे जास्त फोटो मावणारं एसडी कार्ड, हा प्रकार २००६ मध्ये आला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना तो सहसा वाचता येत नाही, दिसायला कार्ड अगदी सारखं असलं तरी. म्हणून २ जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी कार्ड शोधा. त्यावरचे जुने फोटो आधी उतरवून घ्या आणि फॉरमॅट, म्हणजे कार्ड पूर्ण पुसून नव्याने तयार करणं, कॅमेऱ्यातच करा.

तारीख दर वेळी पुसली जात असेल तर चांगले सेल घालून कॅमेरा एक-दोन दिवस तसाच ठेवा. घड्याळाची आतली छोटी बॅटरी बऱ्याच मॉडेलमध्ये त्यावरच भरते.

आता खरी गोम. बटण दाबलं आणि फोटो निघाला, यात चांगलंच अंतर पडतं. झोक्यावरचं मूल टिपायला जावं तर फोटोत रिकामा झोका येतो. हा वेळ मुख्यतः फोकस शोधण्यात जातो, तेव्हा ते काम आधी उरकून घ्या. मूल जिथे येणार तेवढ्याच अंतरावरच्या वस्तूवर कॅमेरा धरा, बटण अर्धं दाबा, हिरवी खूण स्थिर झाली की बोट तसंच ठेवून थांबा. झोका वर येऊन क्षणभर थबकतो, त्याच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबा. चार-पाच प्रयत्नांत हात बसतो, आणि तो आनंद काही औरच.

प्रकाशाच्या बाबतीत या कॅमेऱ्याला सांभाळून घ्यावं लागतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, सर्वात कमी ठेवा, ४०० च्या पुढे फोटोत रंगीत दाणे उठतात. भर उन्हात आकाश किंवा पांढरा शर्ट पार पांढरा पडतो आणि तिथला तपशील नंतर कशानेही परत येत नाही. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा ठरवणारी सेटिंग, −०.३ किंवा −०.७ वर आणा. फोटो थोडा काळपट आला तर नंतर उजळता येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फोटो काढल्यावर कार्डाच्या झाकणाजवळचा दिवा लुकलुकत असेपर्यंत झाकण उघडू नका. तेव्हा फोटो कार्डावर उतरत असतो. मी एकदा घाईत उघडलं आणि त्या दिवसाचे सगळे फोटो गेले.

काम झालं की सेल काढून ठेवा. पुढच्या वेळी तारीख पुन्हा घालावी लागेल, पण गळलेल्या सेलपेक्षा ते परवडलं.