घरी बीपी मोजताना आकडा कुठे चुकतो

बीपी वाढलं की डोकं दुखेल, गरगरेल, असं आपण धरून चालतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे मोजायला पर्याय नाही.

मशीन दंडाला पट्टा बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. आधी दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंमी घेराला चालतो. जाड दंडावर तोच ओढूनताणून बांधला, तर आकडा खोटाच चढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. मिश्रीचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण तिला तंबाखूत कुणी धरतच नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले. खाटेवर पाय लोंबकळत ठेवून मोजू नका. बाही वर सरकवली तर ती दंडाला काचते. हात बाहीतून बाहेरच काढा. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, आत दोन बोटं शिरतील इतका सैल. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात मांडीवर राहिला, तर वरचा आकडा चार-पाचने सहज वाढतो.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, मग रात्री. दर वेळी मिनिटभराने दोनदा. सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आकडा छान आला म्हणून गोळी सोडू नका. तो गोळीमुळेच छान आलाय. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोटे सुजू शकतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतील. गुडघ्यांसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, लोणचं-पापड-फरसाण धरून. सैंधवही मीठच. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल, तर ते अंगात साचू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

180/120 च्या वर दिसलं, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण छातीत दुखतंय, धाप लागलीये, बोलणं अडखळतंय किंवा एक हात-पाय लुळा पडलाय, तर पुन्हा मोजत बसू नका, 108 ला फोन करा.