बाग, झाडी आणि नदीकाठ: सोप्या फेरफटक्याची आखणी

फेरफटका सोपा की अवघड, हे किलोमीटरवरून ठरत नाही. पायाखाली काय आहे आणि मध्येच परतायची वेळ आली तर कुठून बाहेर पडता येईल, यावरून ठरतं. डांबरी किंवा पेव्हर ब्लॉकच्या वाटेवरचे सहा किलोमीटर बोलता बोलता संपतात. पावसानंतर झाडीतल्या चिखलात तीनच पुरेसे होतात. म्हणून नकाशा उघडल्यावर अंतर नंतर मोजा, आधी वाटा सुटतात कुठे ते शोधा: बागेची फाटकं, पूल, रस्त्याला जाऊन मिळणाऱ्या पायवाटा. दर दीड-दोन किलोमीटरला अशी एखादी जागा असेल, तर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतानाही निर्धास्त निघता येतं.

बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर चौकशी आणखी बारीक हवी. रॅम्पसाठी 1:12 हा चढ, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर उंची, साधारणपणे कमाल समजला जातो. तोही थोड्याच अंतरापुरता ठीक, लांब वाटेवर 1:20 च बरा. बहुतेक वेळा घात चढ करत नाही, फाटक करतं. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या अरुंद अडसरातून चाकं जात नाहीत. फाटकाचा फोटो आधी पाहायला मिळाला तर जरूर पाहा.

वेळेचा हिशोब

सपाट, पक्क्या वाटेवर ताशी 4 ते 5 किलोमीटर धरा. मुळं, दगड, चिखल असेल तर 3. चढासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाला येतो: सुमारे 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाईला वर एक तास, म्हणजे दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं. यात थांबणं अजिबात धरलेलं नाही, म्हणून एकूण वेळेत पाव भाग मिळवायचा.

समजा वाट सहा किलोमीटरची आहे. तीन किलोमीटर बाग, ताशी साडेचारने 40 मिनिटं. दोन किलोमीटर झाडी, ताशी तीनने 40. एक किलोमीटर चिखलाचा नदीकाठ, 20. मध्ये 50 मीटरची टेकडी, 5. झाली 105 मिनिटं, आणि पाव भाग मिळवला की सव्वादोन तासांच्या आसपास. आता सूर्यास्त किंवा फाटक बंद व्हायची वेळ, जे आधी असेल त्याच्या अर्धा तास आधी बाहेर पडता येईल असं निघा. दाट झाडीत अंधार उघड्यापेक्षा लवकर पडतो आणि मुळं दिसेनाशी होतात. ठरवलेला अर्धा वेळ गेला आणि अर्धी वाट झाली नसेल, तर आलात त्याच वाटेने मागे फिरा. पुढे नेमकं किती उरलंय हे ठाऊक नसताना रेटत राहण्यात शहाणपण नाही.

नकाशा आणि फलक

1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. नदीकाठचं अंतर पट्टीने मोजलं की हमखास कमी भरतं, कारण वाट पाण्याबरोबर वळत जाते. नकाशावर दोरा वळणावळणाने ठेवा आणि मग त्याची लांबी मोजा. एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने यायचं असेल तर सगळी मदार पुलावर असते. नकाशावर पूल दिसला म्हणजे त्यावरून चालता येईलच असं नाही: तो रेल्वेचा असेल, नाहीतर नुसता जलवाहिनीचा. पायी जाता येतं याची खात्री होईस्तोवर 'जाऊन-येऊन' हाच बेत ठेवा.

फाटकावरच्या फलकाचा फोटो काढून घ्या, पण त्यावर उत्तर दिशा कुठे आहे तेही बघा. फलकाकडे तोंड करून उभ्या माणसाला समोर जे दिसतं तेच बऱ्याचदा वरच्या बाजूला काढलेलं असतं, तर फोनवरच्या नकाशात सहसा उत्तर वर असते. गोंधळाचं हे नेहमीचं कारण. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. दाट पानांखाली जीपीएसची खूण थोडी इकडेतिकडे सरकते, म्हणून फाट्यावर दहा-वीस पावलं चालून खूण कोणत्या वाटेवर जाते ते पाहा.

नदीकाठी

इथे नजर पाण्यावर कमी आणि काठावर जास्त हवी. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला प्रवाहाचा जोर असतो. तो काठाची माती खालून कोरत नेतो, वरचा गवताचा थर मात्र मुळांनी धरलेला असल्याने तसाच राहतो. वरून जमीन घट्ट वाटते, खाली पोकळ असते. काठाला समांतर बारीक भेग दिसली, किंवा कडेचं गवत पाण्याकडे झुकलेलं दिसलं, तर पाण्यापासून किमान दोन मीटर दूर सरका आणि मुलांचा हात धरा. वळणाच्या आतल्या बाजूला नदी गाळ टाकते. तिथे बुडण्यापेक्षा पाय रुतण्याची शक्यता जास्त.

पाऊस थांबला म्हणजे पूर ओसरला असं नाही. वरच्या भागातलं पाणी काही तासांनी पोचतं, आणि वर धरण असेल तर विसर्गाच्या सूचना पाहिल्याशिवाय निघू नका. वाटेवरून पाणी वाहत असेल तर त्यात उतरू नका: जोरात वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवू शकतं. मदतीसाठी फोन करताना काठ नीट सांगा. पाणी जातं त्या दिशेला तोंड केल्यावर डाव्या हाताला डावा काठ.

झाडीत

ओल्या मुळावर पाय देऊ नका, ओलांडा. साल निघालेलं गुळगुळीत मूळ आणि त्यावर ओला पाचोळा, पाय सटकायला एवढं पुरतं. उतारावर पावलं आखूड टाका. जोराचा वारा असेल त्या दिवशी झाडी सोडून बागेत जा, कारण वाळक्या फांद्या न सांगता पडतात. वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.

बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं दुखतात. टाच वर-खाली होत असेल तर नाडी शेवटच्या भोकांतून घट्ट घ्या. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. कातडी चुरचुरायला लागली की तिथेच थांबून टेप लावा, फोड आल्यावर नाही. उन्हाळ्यात माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा.

उंच गवतातून गेला असाल तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे गोचीड आहे का तपासा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, चटका देऊ नका. जागा साबणाने धुऊन तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ती तारीख आणि ठिकाण सांगा.