खवले कीड ओळखायची असेल तर आधी कवच उचलून पाहा

फांदीवर किंवा पानाच्या शिरेलगत खवले दिसले की लगेच फवारणीकडे वळू नका. दहापट भिंग आणि बारीक सुई घ्या. सुईचं टोक कवचाच्या कडेखाली सरकवा आणि हळूच उचला. कवच टोपणासारखं निघालं आणि खाली पिवळसर किंवा नारिंगी, मऊ, बिनपायांचा किडा सालीला चिकटलेला राहिला, तर ती कवचधारी खवले कीड, म्हणजे डायस्पिडिडी कुळ. कवचासकट किडाच निघून आला, तर बहुधा मऊ खवले कीड, कॉक्सिडी कुळ. पाच-सहा खवले तरी तपासा, कारण कात टाकताना कवचधारी किडीचंही अंग कवचाला चिकटून असतं.

पानं चिकट झाली असतील, मुंग्यांची ये-जा असेल, काळी बुरशी चढली असेल, तर मऊ खवल्यांचाच संशय घ्या. कवचधारी कीड मधासारखा चिकट स्राव सोडत नाही. उपायही इथेच बदलतो: इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारं औषध मऊ खवल्यांवर चालतं, कवचधारींवर बहुतेकदा नाही.

प्रजातीचं नाव मात्र कवचाच्या रंगावरून सांगू नये. लिंबूवर्गीय झाडांवरच्या ‘एओनिडिएला ऑरँटी’ आणि ‘एओनिडिएला सिट्रिना’ या दोन कवचधारी प्रजाती इतक्या सारख्या दिसतात की प्रौढ मादी काचपट्टीवर बसवून, पोटाच्या टोकावरची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. म्हणून नमुना पाठवताना प्रौढ माद्या पानाच्या तुकड्यासकट ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. झाडाचं नाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.