कात्री आधी लांब ठेवा

पंचवीस वर्षं बडोद्यात फोटो काढतेय, लिहितेय आणि पोटासाठी मुंजीच्या पत्रिकेपासून दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापर्यंत मिळेल ते डिझाइन करतेय. छापून आलेल्या कामाची मी जी वाट लावली, ती तुम्ही लावू नये म्हणून हे लिहितेय.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भित्तिचित्रांवर माझा पहिला लेख आला, फोटोही माझेच. आनंदाच्या भरात तेवढाच चौकोन कापून वहीत डकवला. अंकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, सगळं रद्दीत. आता कोणी 'कधीचं हे?' विचारलं की मी गप्प. तेव्हा अख्खं पान ठेवा. आणि अंक सकाळीच दोन घ्या. दुपारी त्यात कोणीतरी सेव-उसळचे पाव बांधून देतो.

स्कॅन त्याच आठवड्यात करा, वर्तमानपत्राचा कागद फार लवकर पिवळा पडतो. पान ए-फोरच्या काचेवर मावत नाही. तुकड्यांत घ्या, शेजारचे तुकडे दोन बोटं एकमेकांवर येऊ द्या, मग जोडा. पानामागे काळा कागद ठेवा, नाहीतर मागच्या पानावरची साड्यांच्या सेलची जाहिरात तुमच्या फोटोतून डोकावते. छापील फोटो म्हणजे नुसते ठिपके, त्यामुळे स्कॅनमध्ये लहरी उमटतात. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) घ्या, स्कॅनरच्या सेटिंगमधला या लहरी घालवणारा 'डीस्क्रीन' पर्याय चालू करा आणि नंतर आकार निम्मा करा. नुसत्या मजकुराला ३०० पुरे.

मूळ प्रती वरच्या फळीवर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. वर्तमानपत्रं टिपकागदात घालून पंख्याखाली वाळवली, ती वाचली. मासिकांचा गुळगुळीत आर्ट पेपर मात्र वाळता वाळता एकमेकांना चिकटला. अंकांच्या विटा झाल्या.

काम मागायला जाताना दाखवायला दहा-बारा पानं बास. साठ पानांची फाइल कोणी शेवटपर्यंत उलटत नाही, मीही नाही. प्रत्येक पानाखाली तुम्ही काय केलंत ते लिहा: 'लेख आणि फोटो माझे, मांडणी अंकाची.' दुसऱ्याची मांडणी गुपचूप आपल्या खात्यात जमा करणारे पुष्कळ आहेत. विचारणाऱ्याला ते दोन प्रश्नांत कळतं.

हक्कांचं आधी बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणाराच, वेगळं ठरलेलं नसेल तर. हे मला फार उशिरा कळलं. हल्ली काम घेतानाच एक ओळ पाठवते: 'हे फोटो मी माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवीन, चालेल ना?' समोरून 'चालेल' आलं की ते छापून त्याच पानामागे लावून ठेवते.