ॲक्सेसच्या फॉर्ममागचा कोड बिघडला, तर दोष कसा शोधावा

हाऊसिंग सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या पावत्यांसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बनवलेला एखादा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. सदनिका क्रमांक निवडला की सभासदाचे नाव आणि मागील थकबाकी आपोआप भरली जावी, रक्कम टाकली की शिल्लक निघावी आणि बटण दाबले की पावती छापली जावी, एवढेच काम त्याच्यामागच्या व्हीबीए (ॲक्सेसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) कोडने करायचे असते. यातले एखादे काम अडले की नेहमीचे सल्ले मिळू लागतात: सुरुवातीला ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) लिहा, जिथे तिथे ‘रिक्वेरी’ (माहिती टेबलातून पुन्हा आणण्याची आज्ञा) घाला, फाईल ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करा. यातला पहिला सल्ला सरळ घातक आहे, कारण त्याने एरर नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि चुकीची थकबाकी निमूटपणे टेबलात जाऊन बसते. रिक्वेरीचा मारा केला तर फॉर्म पुन्हा पहिल्या रेकॉर्डवर जातो आणि जुन्या दोषात नवा मिसळतो. कॉम्पॅक्ट केल्याने फाईलचा फुगवटा जातो, पण कोडमधली चूक त्याने दुरुस्त होत नाही.

फाईलची प्रत काढून ठेवलेली आहे आणि दोष त्या प्रतीवरच शोधायचा आहे, हे गृहीत धरतो.

कोड चालतो तरी आहे का?

व्हीबीएच्या खिडकीत डीबग मेनूतून कंपाइल करा (म्हणजे कोड लिहिण्यातल्या चुका तपासून घ्या) आणि प्रत्येक मॉड्यूलच्या माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ आहे याची खात्री करा. ते नसेल तर नावातली एका अक्षराची चूक नवे रिकामे व्हेरिएबल तयार करते आणि तुम्हाला कळतही नाही. टूल्स मेनूतल्या रेफरन्सेसमध्ये कुठे ‘मिसिंग’ लिहिलेले दिसले तर आधी ते सोडवा, कारण एका हरवलेल्या लायब्ररीपायी ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’ यांसारखी साधी फंक्शनेसुद्धा एरर देऊ लागतात. फाईल ईमेलने किंवा इंटरनेटवरून आली असेल तर विंडोजच्या प्रॉपर्टीजमधून ती अनब्लॉक करा किंवा ट्रस्टेड लोकेशनमध्ये ठेवा.

एवढे होऊनही बटण दाबल्यावर काहीच घडत नसेल, एररसुद्धा येत नसेल, तर डिझाइन व्ह्यूमध्ये त्या बटणाच्या प्रॉपर्टी शीटवरील इव्हेंटचा (क्लिक होणे, फॉर्म उघडणे अशा घटनांचा) टॅब उघडा. ‘ऑन क्लिक’समोर ‘इव्हेंट प्रोसिजर’ असे लिहिलेले हवे. बटण कट करून टॅबच्या दुसऱ्या पानावर पेस्ट केले की ही जोडणी तुटते, आणि कंट्रोलचे (फॉर्मवरच्या बटण, रकाना अशा घटकाचे) नाव बदलले तर कोड जुन्या नावाखाली तसाच राहतो. दोन्ही प्रसंगी कोड डोळ्यांसमोर असतो, पण त्याला बोलावणारे कुणी उरलेले नसते.

इव्हेंटचा क्रम: खरी मेख इथे आहे

हा टप्पा मला स्वतःला उमजायला बराच काळ लागला, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो. फॉर्मच्या स्वयंचलनातले बहुतेक दोष एरर दाखवणाऱ्या ओळीत नसतातच. तो कोड ज्या इव्हेंटमध्ये लिहिला आहे, त्या इव्हेंटच्या निवडीत असतात. कोड बरोबर असतो, पण वेळ चुकते. म्हणूनच कोणता इव्हेंट कधी घडतो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोडच्या एकाही ओळीला हात लावू नका.

ते पाहण्याची रीत सोपी आहे. फॉर्मच्या आणि संबंधित कंट्रोलच्या प्रत्येक इव्हेंट प्रोसिजरच्या पहिल्या ओळीवर ‘डीबग.प्रिंट’ लिहून त्या इव्हेंटचे नाव, रेकॉर्ड नवे आहे की नाही आणि ते ‘डर्टी’ म्हणजे बदललेले पण जतन न झालेले आहे की नाही, एवढे छापून घ्या. मग कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडी ठेवा आणि फॉर्म अगदी तसाच वापरा, जसा सोसायटीच्या कार्यालयातला माणूस वापरतो. खिडकीत उमटलेली यादी आणि तुमच्या मनातला क्रम यांत जिथे फरक पडेल, तिथे दोष आहे. या कामासाठी मेसेज बॉक्स किंवा ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) वापरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. दोन्हींमुळे फोकस (म्हणजे टंकलेले जिथे उमटते ती जागा) फॉर्मवरून हटतो, त्यामुळे फोकसशी निगडित इव्हेंटचा क्रम बदलू शकतो आणि तुम्ही तपासता ते मूळ वर्तन राहीलच असे नाही. ब्रेकपॉइंट आणि एफ८ यांची पाळी नंतर, दोषाची जागा कळल्यावर येते.

फॉर्म उघडताना ओपन, लोड, रिसाइझ, ॲक्टिव्हेट आणि शेवटी करंट असा क्रम असतो. मात्र फॉर्मच्या पोटात सबफॉर्म म्हणजे दुसरा फॉर्म असेल तर सबफॉर्मचे ओपन, लोड आणि करंट मुख्य फॉर्मच्या ओपनच्याही आधी घडून जातात. त्यामुळे सबफॉर्मच्या लोडमध्ये मुख्य फॉर्मवरचा सदनिका क्रमांक वाचायला गेलात, तर तो तिथे अजून आलेलाच नसतो. यावर ‘डू इव्हेंट्स’ घालून किंवा टायमर लावून थोडे थांबण्याचा तोडगा सांगितला जातो. तो तुमच्या संगणकावर कदाचित चालेल, पण कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर पुन्हा अडेल. तो कोड उचलून मुख्य फॉर्मच्या लोडमध्ये किंवा करंटमध्ये ठेवणे, हाच योग्य उपाय आहे.

करंटबाबत एक कडक ताकीद देतो. हा इव्हेंट फॉर्म उघडताना आणि एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी घडतो. त्यात एखाद्या बाउंड (टेबलातल्या रकान्याशी जोडलेल्या) कंट्रोलला किंमत (म्हणजे त्यात ठेवायची माहिती) दिली, उदाहरणार्थ पावतीच्या तारखेत आजची तारीख घातली, तर जुन्या पावत्या नुसत्या चाळतानासुद्धा त्यांच्या तारखा बदलत जातात आणि रिकाम्या नव्या रेकॉर्डवर पोहोचताच नको असलेली पावती जन्माला येते. नव्या रेकॉर्डला सुरुवातीची किंमत द्यायची असेल तर ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ ही प्रॉपर्टी किंवा फॉर्मचा ‘बिफोर इन्सर्ट’ इव्हेंट वापरा. करंटमध्ये फक्त दाखवण्या-लपवण्याची, बटणे चालू-बंद करण्याची कामे ठेवा.

दुसरी गल्लत ‘बिफोर अपडेट’ आणि ‘आफ्टर अपडेट’ यांत होते. कंट्रोलचा बिफोर अपडेट हा टाकलेली किंमत तपासून गरज पडल्यास नाकारण्यासाठी असतो. तिथे त्याच कंट्रोलची किंमत बदलू गेलात किंवा फोकस दुसरीकडे नेऊ लागलात तर ॲक्सेस अडवतो, आणि फोकसच्या बाबतीत २१०८ क्रमांकाची एरर येते. नाव आणि थकबाकी भरण्याचा कोड सदनिकेच्या कॉम्बो बॉक्सच्या आफ्टर अपडेटमध्येच हवा. त्यातही लक्षात ठेवा की कंट्रोलचे हे दोन्ही इव्हेंट माणसाने किंमत बदलली तरच घडतात. कोडने किंमत बदलली तर त्यातला एकही घडत नाही. ‘दुसऱ्या फॉर्मच्या कोडने उघडलेल्या फॉर्ममध्ये सदनिका क्रमांक दिसतो पण थकबाकी भरली जात नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच निघते. थकबाकी काढण्याचा कोड वेगळ्या प्रोसिजरमध्ये लिहा आणि तिला आफ्टर अपडेट व किंमत बदलणारा कोड अशा दोन्ही ठिकाणांहून बोलवा.

आवश्यक रकाने भरले आहेत की नाहीत, ही तपासणी कंट्रोलच्या ‘एक्झिट’ किंवा ‘लॉस्ट फोकस’मध्ये ठेवण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. ज्या रकान्यात माणूस गेलाच नाही, त्याचे हे इव्हेंट घडतच नाहीत, आणि रिकामा राहतो तो नेमका तोच रकाना. अशी तपासणी फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये ठेवावी आणि चूक आढळल्यास ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ करावे. रेकॉर्ड कुठल्याही वाटेने जतन होत असले तरी या दारातूनच जाते. सबफॉर्ममध्ये क्लिक केल्यावरसुद्धा मुख्य फॉर्मचे रेकॉर्ड जतन होऊ लागते, त्यामुळे ‘सबफॉर्ममध्ये गेलो आणि अचानक सूचना आली’ ही तक्रार दोषाची नाही, क्रमानुसारच आहे.

किमती तपासणे

कोड वेळेवर चालतो, पण उत्तर चुकते, असे असेल तर आता संशयित ओळीवर एफ९ने ब्रेकपॉइंट लावा, एफ८ने एकेक ओळ पुढे जा आणि इमिजिएट विंडोत प्रश्नचिन्ह लावून प्रत्येक किंमत विचारा. ऑप्शन्सच्या जनरल टॅबवर ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ तात्पुरते निवडले की कुणी लपवून ठेवलेल्या एररसुद्धा समोर येतात.

सर्वांत आधी ‘नल’ पाहा. रिकाम्या रकान्यात शून्य नसते, नल (म्हणजे काहीच नसणे) असते. नलशी केलेली कोणतीही तुलना नलच देते आणि ‘इफ’ त्याला खोटे समजून ‘एल्स’कडे वळतो. हीच नल आकड्याच्या व्हेरिएबलमध्ये घालू पाहिली तर ९४ क्रमांकाची एरर येते. रक्कम वाचताना ‘एनझेड’ (नलच्या जागी शून्य देणारे फंक्शन) वापरा आणि रिकामेपण तपासायला ‘इज नल’. कॉम्बो बॉक्सच्या ‘कॉलम’ची मोजणी शून्यापासून होते, ‘बाउंड कॉलम’ची मात्र एकपासून, नावाच्या जागी भलताच मजकूर येत असेल तर तिथे पाहा, आणि नल येत असेल तर ‘कॉलम काउंट’ कमी पडतो का ते बघा.

तारखेचा दोष भारतातल्या फाइलींमध्ये हटकून सापडतो. कोडमध्ये जोडून तयार केलेल्या एसक्यूएलमध्ये (टेबलातली माहिती मागवण्याच्या भाषेत) हॅश चिन्हांमधली तारीख ॲक्सेस अमेरिकन पद्धतीने, आधी महिना धरून वाचतो. आपल्या रीतीने लिहिलेली ०५-०४-२०२४ ही ५ एप्रिलची तारीख त्यामुळे ४ मे होते; पण १३-०४-२०२४ मध्ये तेरावा महिना शक्य नसल्याने ती मुकाट्याने १३ एप्रिल म्हणून स्वीकारली जाते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्याच पावत्या चुकतात, आणि विसाव्या तारखेला चाचणी घेणाऱ्याला सगळे आलबेल दिसते. तारीख जोडताना ‘फॉरमॅट’ वापरून ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा आणि चाचणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखांवर घ्या. नावांच्या बाबतीत असाच धोका रोमन लिपीत लिहिलेल्या डिसूझा, डिसिल्व्हा या आडनावांतल्या ॲपोस्ट्रॉफीचा असतो: ती ‘डीलुकअप’ची (टेबलातून एक किंमत शोधून आणणाऱ्या फंक्शनची) अट मध्येच तोडते आणि ३०७५ क्रमांकाची एरर येते. ‘रिप्लेस’ने ते चिन्ह दुप्पट करा, त्याहून चांगले म्हणजे नावाऐवजी सभासद क्रमांकावर शोधा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ॲक्सेसची टेबले आणि फॉर्म देवनागरी नीट सांभाळतात, पण व्हीबीएची कोड लिहिण्याची खिडकी युनिकोड नाही. तिथे अवतरणात मराठी मजकूर लिहिला तर प्रश्नचिन्हे उमटतात, इमिजिएट विंडोतही तीच दिसतात. म्हणून तिथे नावाच्या जागी प्रश्नचिन्हे पाहून माहिती खराब झाली असे समजू नका. टेबल उघडून खात्री करा. सभासदांसाठीच्या मराठी सूचना एका टेबलात ठेवा, कोडने तिथून वाचा आणि मेसेज बॉक्सऐवजी फॉर्मवरच्या लेबलमध्ये दाखवा.

जतन, छपाई आणि आवराआवर

छापलेल्या पावतीवर जुनी रक्कम येते, कारण रिपोर्ट टेबलातून वाचतो आणि नवी रक्कम अजून फॉर्मवरच असते. छपाईच्या ओळीआधी ‘मी.डर्टी’ला ‘फॉल्स’ करून रेकॉर्ड जतन करा. ‘डूकमांड.क्लोज’च्या आधीही हीच ओळ हवी. रेकॉर्ड जतन होण्यात काही अडथळा असेल, तर ही आज्ञा एक शब्दही न बोलता ते टाकून देऊन फॉर्म बंद करते, आणि भरलेली पावती कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. ‘सेट वॉर्निंग्ज’ बंद करून क्वेरी चालवण्याची सवय सोडा. ‘करंट डीबी’च्या ‘एक्झिक्यूट’ला ‘डीबी फेल ऑन एरर’ जोडून वापरा, म्हणजे बिघाड झाला तर कळेल.

शेवटी ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ बदलून पुन्हा ‘ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्स’ करा, कारण ही निवड त्या संगणकावरच्या दुसऱ्या फाइलींनाही लागू राहते. डीबग.प्रिंटच्या ओळी काढा, पुन्हा कंपाइल करा आणि मगच दुरुस्त फाईल कार्यालयात द्या. ती एसीसीडीई (फक्त चालवण्यापुरत्या, कोड झाकलेल्या) स्वरूपात देणार असाल तर मूळ एसीसीडीबी स्वतःकडे जपून ठेवा. एसीसीडीईमधला कोड पुन्हा उघडता किंवा दुरुस्त करता येत नाही.