पोस्टिंग घेण्याआधी त्या शहरात 'आपल्या' लोकांचं नाव काय आहे, ते कसं काढावं

कंपनीच्या माणसांना एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात बसवायचं, हे माझं काम. व्हिसा, घर, मुलांची शाळा, सामानाचा कंटेनर, सगळं आमच्या टेबलावरून जातं. पोस्टिंग मिळालेली मंडळी मला भाडं विचारतात, शाळेतल्या जागा विचारतात, जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल का ते विचारतात. आपल्यासारख्यांचं त्या शहरात काय नाव आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि घर मिळण्यापासून ऑफिसातल्या पहिल्या मीटिंगपर्यंत आडवं येतं ते तेच.

भारतीय माणसाचंच घ्या. टोकियोत भारतीय म्हटलं की सॉफ्टवेअर इंजिनिअर डोळ्यांपुढे येतो. मनिलात मोटरसायकलवरून वसुलीला फिरणारा सावकार येतो. तिथे त्या धंद्याला 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात, पाच घ्या आणि सहा परत करा. हाँगकाँगमध्ये चिम शा चुईचा शिंपी, बँकॉकमध्ये फाहुरातचा कापडवाला, कोबेमध्ये मोत्यांचा व्यापारी. याचं कारण कुणाच्या स्वभावात शोधत बसू नका. कोण, कधी आणि कोणत्या कागदावर आलं, यावरून ही नावं पडतात. म्हणूनच ती घरबसल्या बरीचशी काढता येतात.

सुरुवात व्हिसापासून करा. इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर जा आणि फक्त स्वतःचा व्हिसा वाचून बंद करू नका. तुमच्या देशाची माणसं आणखी कोणकोणत्या व्हिसांवर येतात, कुणाला कुटुंब आणता येतं, कुणाला नाही, नोकरी गेली तर कुणाला किती दिवस मिळतात, हे सगळं वाचा. हाँगकाँगमध्ये सात वर्षं सलग राहिलेला बँकर कायमच्या वास्तव्याचा हक्क मागू शकतो. घरकामाला आलेल्या फिलिपिनो किंवा इंडोनेशियन बाईला वीस वर्षं झाली तरी तो मिळत नाही. 2013 साली तिथल्या अंतिम अपील न्यायालयानं तसा निकालच दिला. तिनं मालकाच्या घरीच राहायचं, करार तुटला तर साधारण दोन आठवड्यांत शहर सोडायचं. हक्काची खोली नाही, म्हणून रविवारच्या सुट्टीत या बायका सेंट्रल भागात, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखाली पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, पत्ते खेळतात. बाकीच्या शहराला त्या अशाच दिसतात आणि 'फिलिपिनो म्हणजे घरकामवाली' हे समीकरण पक्कं होतं. आम्ही तिथे पाठवलेल्या एका फिलिपिनो ऑडिटरला तिच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारणीनं विचारलं, ''कुठल्या घरी काम करतेस?''

सिंगापूरवर जरा थांबते, कारण माझ्याकडचे सगळ्यात जास्त लोक तिथेच जातात आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथलेच. तिथे परदेशी माणसाची पायरी पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर ठरते. बांधकामावरचा मजूर वर्क परमिटवर असतो आणि शहराच्या कडेच्या डॉर्मिटरीत राहतो. मधल्या पगाराच्या माणसाला एस पास. वरच्या पगाराच्या माणसाला एम्प्लॉयमेंट पास. लिटिल इंडियात रविवारी दिसणारा तमिळ किंवा बांगलादेशी कामगार आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत बसणारा मॅनेजर यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. पण त्यांची नावंसुद्धा वेगवेगळी आहेत, हे नीट समजून घ्या. मजुराबद्दल लोकांना दया येते, क्वचित भीती वाटते. 2013 च्या डिसेंबरात लिटिल इंडियात दंगल झाली होती. मॅनेजरबद्दल मात्र राग आहे. 'हे वर गेले की आपलीच माणसं भरतात,' ही तक्रार सिंगापूरच्या टॅक्सीत, कँटीनमध्ये, कुठेही ऐकू येते. चांगी बिझनेस पार्कला टोमण्यानं 'चेन्नई बिझनेस पार्क' म्हणतात. भारताबरोबर 2005 साली झालेल्या सीईसीए या आर्थिक सहकार्याच्या करारामुळेच हे घडतं, असं अनेकांना वाटतं. 2021 मध्ये या प्रश्नावर तिथल्या संसदेत चर्चा झाली आणि करारामुळे भारतीयांना मोकळं रान मिळत नाही, हे मंत्र्यांना उभं राहून सांगावं लागलं.

पुढे हा राग नियमातही उतरला. सप्टेंबर 2023 पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी 'कंपास' नावाची गुणपद्धत आहे. पास व्हायला 40 गुण लागतात. त्यातला एक निकष विविधतेचा, तो असा, की कंपनीतल्या वरच्या दर्जाच्या नोकरदारांमध्ये तुमच्या देशाचे लोक 5 टक्क्यांपेक्षा कमी असतील तर 20 गुण, 25 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर शून्य. म्हणजे बदनामी आता थेट तुमच्या अर्जात मोजली जाते. तेव्हा सिंगापूरची ऑफर आली की पगाराची घासाघीस करण्याआधी एचआरला विचारा, विविधतेच्या निकषात माझ्या अर्जाला किती गुण पडतायत? उत्तर शून्य आलं तर घाबरायचं कारण नाही, गुण दुसरीकडून भरता येतात. पण तुम्ही कसल्या ऑफिसात चाललाय, ते कळतं.

व्हिसानंतर नकाशा. बँकॉकचा सुखुमवित रस्ता घ्या. फ्रोम फोंग आणि थोंग लो ही स्काय ट्रेनची दोन स्टेशनं धरली की त्यांच्या आसपास जपानी सुपरमार्केट, जपानी बोलणारे डॉक्टर, जपानी शिकवण्या. जपानी कंपन्या माणसाला काही वर्षांच्या ठरीव मुदतीवर, बऱ्याचदा कुटुंबासकट पाठवतात आणि घरभाडं बहुतेक वेळा कंपनी भरते. घरमालकाला याहून काय हवं? त्याच रस्त्यावर थोडं मागे, नानाच्या बाजूला आलात की बार, अरबी रेस्टॉरंट, आणि दुपारपासून बिअर घेऊन बसलेले गोरे आजोबा. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर बँकेत 8 लाख बात ठेवले किंवा महिन्याला 65 हजार बातचं उत्पन्न दाखवलं की निवृत्त म्हणून वर्षावर्षानं मुक्काम वाढवता येतो. 2024 पासून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा वेगळा व्हिसाही आलाय. कुणीही, कुठूनही, कितीही दिवस, अशी ही गोऱ्यांची गर्दी. त्यातला शाळामास्तरही सभ्य असतो आणि इंजिनिअरही, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. नकाशात तुम्ही दोन गोष्टी शोधा: शाळेच्या बसचे थांबे आणि बार. बसच्या बाजूला कोण राहतं आणि बारच्या बाजूला कोण, यावरून त्या जमातीचं नाव निम्मं कळतं.

टोकियोत नकाशा आणखी सरळ बोलतो. निशी-कासाई हा एदोगावा वॉर्डातला भाग. 2000 सालच्या संगणकांच्या वायटूके प्रश्नाच्या वेळी भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येनं आले, त्यांना ओतेमाची-निहोनबाशीच्या ऑफिसांना थेट जाणारी तोझाई लाइन सोयीची पडली. शिवाय तिथे यूआर नावाची सार्वजनिक गृहसंस्था आहे, ती जामीनदार मागत नाही आणि मालकाला द्यायची, परत न मिळणारी 'की मनी'ही घेत नाही. खासगी घरमालक परदेशी माणसाला दार उघडतीलच असं नाही. जपानच्या न्यायमंत्रालयानं 2017 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास 40 टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. मग जिथे मिळतं तिथे सगळे गोळा होतात, दुकानं येतात, भारतीय शाळा येते. 2019 मध्ये याच एदोगावातून मूळचे पुण्याचे योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. इतकी पत एका पिढीत कमावणं सोपं नाही.

त्याच जपानात कोबेचा भारतीय अगदी वेगळा. तो सिंधी, गुजराती व्यापारी. 1923 च्या भूकंपानंतर योकोहामातली बरीच मंडळी कोबेला आली. तिथे जुनी मशीद आहे, जैन मंदिर आहे. कोबेकराला भारतीय शेजारी नवा नाही. जुन्या वस्तीचं नाव सहसा टिकाऊ असतं, नव्या वस्तीचं एका बातमीनं फिरतं.

म्हणून तिसरं काम, गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या बातम्या चाळणं. यात आळस करू नका. मनिलातल्या चिनी लोकांचं बघा. परदेशी जुगाऱ्यांसाठी चालणाऱ्या 'पोगो' नावाच्या ऑनलाइन कंपन्या आल्या, हजारो चिनी तरुण आले, खाडीकाठच्या इमारतींची भाडी चढली. मग त्या कंपन्यांतून फसवणूक, डांबून ठेवणं, मानवी तस्करी बाहेर यायला लागली आणि जुलै 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी त्यांच्यावर बंदी जाहीर केली. ज्यांचा जुगाराशी सुतराम संबंध नाही, त्या चिनी माणसांनाही या काळात पोगोवाले समजलं गेलं. चीनमधल्या ग्वांगजौच्या शिआओबेई भागात आफ्रिकी व्यापाऱ्यांची मोठी ये-जा होती. एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या धास्तीनं त्यातल्या अनेकांना घरांतून, हॉटेलांतून बाहेर काढलं गेलं आणि आफ्रिकी राजदूतांनी एकत्र येऊन निषेध नोंदवला. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला येणाऱ्या परदेशी शिक्षकांना 2007 पासून एचआयव्हीची चाचणी सक्तीची केली होती, ती दहा वर्षांनी काढली. शिक्षक म्हणजे पार्ट्या करणारा बेभरवशाचा पोरगा, हे नाव त्या सक्तीमागे होतंच. सोलला जाणाऱ्यांना मी सांगते, तिथल्या इथावॉन भागाचा इतिहास वाचून जा: शेजारी अमेरिकी फौजेची छावणी होती, तिचं मुख्यालय 2018 मध्ये प्योंगथेकला हललं. पण 'परदेशी म्हणजे इथावॉनचा' ही सवय अजून गेलेली नाही.

दुबईबद्दल थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळजवळ नऊ लोक बाहेरचे, त्यामुळे तिथे देशाच्या नावावरून फारसं कळत नाही. पत्त्यावरून कळतं. मध्यमवर्गी करामा आणि बर दुबई, उंची मरीना, सोनापूरचा लेबर कॅम्प: चारही ठिकाणी भारतीयच, आणि एकमेकांना तोलणारेही तेच. पहिल्याच भेटीत 'कुठे राहता?' असं विचारलं, की समजा वजनकाट्यावर चढलात.

आता विचारायचं कुणाला? आपल्या मंडळाच्या लोकांना जरूर भेटा, पण या एका विषयात त्यांच्यावर विसंबू नका. आपल्या लोकांबद्दल बाहेर काय बोलतात, हे त्यांच्या कानापर्यंत येत नाही, किंवा येऊनही ते सांगत नाहीत. माझा भरवसा घरांच्या एजंटवर. त्याला फोनवरच स्पष्ट विचारा, ''हा मालक भारतीय कुटुंबाला घर देतो का? आधी कधी दिलंय का?'' सिंगापूरच्या भाड्याच्या जाहिरातींत 'इंडियन नको, चिनी नको' असं उघड छापलेलं लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. मसाल्याचा वास भिंतींत बसतो, हे ठरलेलं कारण. एजंट लाजत लाजत का होईना खरं सांगतो, कारण नकार येणारच असेल तर त्यालाही फेरी वाचवायची असते. मालक कुरकुरत असेल तर कंपनीचं पत्र आणि मुदत संपल्यावर व्यावसायिक साफसफाई करून देण्याची अट तुम्हीच पुढे ठेवा. यावर काही जण माझ्यावर चिडतात, आपण का वाकायचं म्हणतात. वाकू नका, दुसरं घर शोधा. पण शाळा सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना तत्त्व आणि छप्पर यांतलं काय निवडायचं, हे आधी ठरवून ठेवा.

दुसरा चांगला माणूस म्हणजे ते शहर सोडून गेलेला. तिथे राहणारा स्वतःच्या निर्णयाची बाजू घेतो. सोडून गेलेल्याला तसं काही राखायचं नसतं. त्याला 'कसं होतं?' असं मोघम विचारू नका. विचारा, ''लोक तुमच्याबद्दल पाठीमागे काय तक्रार करायचे?'' हा प्रश्न ऐकून माणूस आधी हसतो आणि मग बोलायला लागतो.

ती तक्रार नेमकी काय, ते कळणं महत्त्वाचं, कारण ती शहरागणिक वेगळी असते. टोकियोत कचरा: कोणत्या वारी कोणता, कोणत्या पिशवीत, हे चुकलं की इमारतीत बोभाटा. तिथे पहिल्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसातून कचऱ्याचं वेळापत्रक आणा आणि स्वयंपाकघरात लावा, भाषा नंतर शिका. सिंगापूरच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आपल्याच भाषेत गप्पा आणि भरतीच्या पॅनेलवर आपलीच माणसं, या दोन गोष्टी सांभाळा. भरती तुमच्या हातात असेल तर पॅनेलवर एक स्थानिक सहकारी मागून घ्या. बँकॉकला गोऱ्या माणसाची तक्रार वेगळी, मुदत संपत आली की सीमेपार जाऊन परत येणाऱ्यांमुळे अधिकाऱ्यांच्या नजरेत सगळेच संशयित. तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असाल तर दर 90 दिवसांनी पत्ता कळवण्याची तारीख आजच फोनमध्ये टाका.

सह्या करण्याआधी शेवटचं बघायचं ते घराच्या करारात. सिंगापूरमध्ये करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि त्यात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' घालून घेता येतो. नोकरी गेली किंवा कंपनीनं देशाबाहेर बदली केली, तर साधारणपणे पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन त्यामुळे बाहेर पडता येतं. एजंट तो आपण होऊन घालेलच असं नाही. तुम्ही मागा, आणि नोटीस कोणत्या महिन्यापासून देता येईल ते तारखेनिशी लिहून घ्या.