मृगाचा पाऊस झाला की मायक्रोहायला कसा शोधायचा (आपल्या मराठवाड्यात, टॉर्च आणि गमबूट घेऊन)

पहिला दणका पाऊस झाला की रात्री बांधाच्या कडेला जो कर्रर्र कर्रर्र आवाज सुरू होतो ना, तो आपल्याकडं निम्मे लोक रातकिडा म्हणून सोडून देतात, मी पण कित्येक वर्षं तेच समजत होतो. तो बेडूक असतो बरं का, मायक्रोहायला नावाचा. कंगव्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवून बघा, डिट्टो तोच आवाज. आणि एवढा गोंगाट करणारं जनावर केवढं, तर दोन-अडीच सेंटीमीटर! दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावर आरामात बसेल.

आता शोधायचा कसा ते सांगतो. विहिरीवर किंवा प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर जाऊन टाइमपास करू नका, याला लागतं उथळ पाणी आणि कडेला गवत. पांदणीतले खड्डे, रस्त्याच्या कडेची डबकी, रानात तुंबलेलं पाणी, असं काहीतरी. चांगला पाऊस झाला की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर निघायचं. गमबूट पाहिजेतच, कारण बेडूक आले की त्यांना खायला साप पण येतात, मण्यार आणि घोणस आपल्याकडं काय कमी नाहीत. हात टॉर्चचा उजेड मारल्याशिवाय गवतात घालायचा नाही, आणि मोटारीची वायर कुठून गेलीय ते दिवसाच बघून ठेवा. (काळ्या मातीत गमबूट पायातून निघून तिथंच राहतो, माझा एकदा राहिलाय, सकाळी जाऊन उपटून आणला.)

मेन गोष्ट अशी की डोळ्यांनी शोधायला गेलात तर सापडत नाही. आवाजाकडं चालत गेलं की तो गप्प, मग सगळंच डबकं गप्प. तिथंच खाली बसायचं, टॉर्च बंद, बोलायचं नाही, पाच-दहा मिनिटं. एक जण सुरू करतो आणि मग बाकीचे त्याच्या मागं. दोघं जण असाल तर लई सोपं, एकानं डबक्याच्या या बाजूला बसायचं दुसऱ्यानं आडव्या बाजूला, आणि दोघांनी आवाज येतो तिकडं एकदमच टॉर्च मारायची, जिथं दोन्ही उजेड एकमेकांना कापतात तिथं गवताच्या बुडात बघा. गळ्याखाली फुगा फुगलेला दिसला की तो नर. माद्या ओरडत नाहीत.

ओळखायला सोपाय. तोंड अगदी बारीक आणि टोकदार, मागं अंग रुंद होत गेलेलं, म्हणजे वरून बघितलं तर तिकोना. पाठीवर डोळ्यांच्या मधून सुरू होऊन मागं पसरत जाणारी गडद तपकिरी नक्षी असते. तोंड बारीक कारण खाणं पण बारीक, मुंग्या आणि वाळवी. भेकाची पिल्लं याच साइजची असतात, पण त्यांचं तोंड बोथट आणि अंग खरखरीत. मोठा बेडूक (इंडियन बुलफ्रॉग) तर लांबूनच कळतो, नर पावसात पिवळाधम्मक होतो.

फोटो वरून एक आणि बाजूनं एक काढा, आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कराच. आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकताना नुसतं मायक्रोहायला लिहिलं तरी चालतं, प्रजातीच्या नावाची घाई नको. आधी सगळ्यांना ऑर्नाटा म्हणायचे, हे नाव १८४१ चं. मग २०१५ ला बांगलादेशातल्या निलफामारीवरून निलफामारिएन्सिस नावाची वेगळी प्रजाती ठरली, दोघी दिसायला जवळपास सारख्याच, नुसत्या फोटोवर भांडण मिटत नाही. हे खानदान तसं मोठंय, पार जपानच्या ओकिनावापर्यंत पसरलंय, आणि बोर्निओत एक तर एवढुसा की नर जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा होतो आणि त्याची पिल्लं घटपर्णी या किडेखाऊ झाडाच्या पेल्यातल्या पाण्यात वाढतात. आपल्याकडं घटपर्णी नाही, खड्डाच गोड मानायचा.

रात्री जमत नसेल तर चार-आठ दिवसांनी दिवसा जाऊन त्याच डबक्यात पिल्लं, म्हणजे शेपटीवाले बेडूकमासे, बघा. काचेसारखी आरपार दिसतात, डोळे दोन बाजूंना, आणि तळाला न बसता पाण्याच्या मधोमध तरंगत पाणी गाळून खातात. पांढऱ्या वाटीत घेतली तर दिसतच नाहीत, काळ्या डब्यात घ्या आणि बघून झालं की त्याच डबक्यात सोडा, दुसऱ्या नको, तिथं मोठ्या बेडकाची पिल्लं असली तर ती यांना खाऊन टाकतात.

वाढ झालेल्या मायक्रोहायलाला हात लावायची गरजच नाही. लावायचाच असला तर हात साध्या पाण्यानं ओला करून, फवारणी केलेला किंवा डासांची क्रीम लावलेला हात तर अजिबात नको, त्याची कातडी सगळं आत शोषून घेते. आणि पावसानं ओढ दिली, डबकं आटायला लागलं, तर बोअरचं पाणी एकदम सोडू नका, धारेनं पिल्लं वाहून जातात. सांजच्याला दोन-चार घागरी कडेनं हळूच ओतल्या तरी बास.